नगरचे पत्र आणि मुक्ताचा निबंध

मराठीत विद्यार्थ्यांनी लिहिण्या-छापण्याचा इतिहास निघाला की बोट आपोआप मुंबईकडे जाते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या आधाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिच्या मराठी शाखेतून ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली, दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागले. तरुणांनी निबंध लिहायचा, सभेत वाचायचा, त्यावर बोलायचे, मग तो छापायचा, अशी ती शिस्त होती. मुलींना शिकवावे की नाही, हा त्या सभांमधला गाजणारा विषय. त्या तरुणांनी नुसती चर्चा केली नाही, १८४९ मध्ये मुलींच्या शाळाही काढल्या, आणि दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती तिथे बिनपगारी शिकवीत. या कामाविषयी माझ्या मनात आदरच आहे.

पण ते निबंध मुलींविषयी होते, मुलींनी लिहिलेले नव्हते. एका विद्यार्थिनीने स्वतः लेखणी धरली, स्वतःच्या लोकांचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडले आणि ते वर्तमानपत्रात छापून आले, ही घटना घडली १८५५ साली. मुलगी पुण्याच्या शाळेतली, मांग समाजातली. आणि ज्या पत्राने तिचा निबंध छापला ते जन्मले होते आमच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. ती ज्यांच्या शाळेत शिकली त्या सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे धडे मिळाले तेही नगरलाच. गोष्टीची दोन्ही टोके नगरला बांधलेली आहेत आणि नगरकरांनाच त्याची फारशी आठवण नाही, म्हणून हा लेख.

पहिले टोक आधी सांगतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसे मुंबईला १८१३ मध्ये आली आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे केले. नगर तेव्हा निजामशाहीचा उतरलेला डामडौल अंगावर घेऊन बसलेले शहर होते. भुईकोट किल्ला १८०३ मध्येच इंग्रजांच्या हाती गेला होता, शेजारी भिंगारला लष्कराची छावणी होती. १८३९ मध्ये इथे दोन घटना घडल्या. हरिपंत आणि नारायणराव हे खिस्ते बंधू, जातीने ब्राह्मण, ख्रिस्ती झाले आणि शहरात खळबळ माजली. त्याच वर्षी मुंबईहून एक बाई नगरला राहायला आल्या. त्यांचे नाव सिंथिया फरार.

मिस फरार न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या, तेव्हा तिशी ओलांडलेल्या आणि अविवाहित होत्या. मिशनरी बाई म्हणजे मिशनऱ्याची बायको, असा त्या काळी अमेरिकेतही समज होता. एकटी बाई समुद्र ओलांडून मुलींना शिकवायला जाते, हे त्यांच्या लोकांनाही चमत्कारिकच वाटले असणार. मुंबईत त्यांनी दहा-बारा वर्षे मुलींच्या शाळा सांभाळल्या आणि मग नगरला येऊन १८६२ मध्ये देह ठेवीपर्यंत तेच काम केले. चौतीस वर्षे परक्या मुलखात राहून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना अक्षर ओळखायला लावले. नगर शहराने त्यांच्याइतका दीर्घकाळ मुलींना शिकवणारा माणूस त्या शतकात क्वचितच पाहिला असेल.

जोतीराव फुल्यांचे जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला सरकारी नोकरीत होते. त्यांच्याकडे जोतीराव आले असताना दोघांनी मिस फरार यांची शाळा पाहिली. विशीतला हा तरुण ती शाळा पाहून परत गेला तो मनाशी ठरवूनच. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले होतेच. शिकवायचे कसे, हे मात्र त्या नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आज एसटीने तीन तासांत नगरहून पुणे गाठता येते. त्या काळी तो मुक्काम करत करायचा प्रवास होता, आणि माळ्याच्या घरातल्या सुनेने शिकण्यासाठी तो करणे म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारावे.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात नगरचे पत्र पुन्हा येते. १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदया'त जोतीरावांचे निवेदन छापले आहे. आईमुळे मुलात जी सुधारणा होते तिचे मोल मोठे, म्हणून आपण आधी मुलींची शाळा काढली, असे ते त्यात सांगतात. जातभाईंना ते रुचले नाही, खुद्द वडिलांनी घराबाहेर काढले, शाळेला कुणी जागा देईना, मुले पाठवायला कुणी तयार होईना. तेव्हा लहुजी राघ राऊत मांग आणि राणबा महार या दोघांनी आपापल्या लोकांना समजावून मुले शाळेत आणली. लहुजी म्हणजेच लहुजी वस्ताद साळवे, ज्यांच्या तालमीत जोतीराव दांडपट्टा शिकले. शाळेच्या इतिहासात या दोन नावांना मी फार वरची जागा देतो. वाडा मिळवणे, वर्गणी गोळा करणे कठीण खरे, पण ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही त्या घरातून मुलगी शाळेत आणणे त्याहून कठीण. ते काम पैलवानाने केले.

निबंध लिहिणारी ती मुलगी, मुक्ता साळवे, लहुजींच्याच नात्यातली. निबंध छापला तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास धरले जाते. शाळेत येऊन तिला तीनेक वर्षे झाली होती. ज्या मुलीच्या कुळात त्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती, तिची ही तीन वर्षे.

आता 'ज्ञानोदया'विषयी. जून १८४२ मध्ये नगरला हे पत्र सुरू झाले. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघून बंद झाले होते, भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' वर्षभरापूर्वी मुंबईत निघाले होते, आणि पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' निघायला अजून सात वर्षे होती. मराठी वर्तमानपत्र म्हणजे काय, हे अजून ठरायचे होते त्या काळात नगरसारख्या गावातून पत्र निघाले. पुढे त्याचे ठाणे मुंबईला हलले, पण नगरच्या मिशनशी त्याची नाळ तुटली नाही. विसाव्या शतकात नगरच्या मातीशी जडलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच्या मराठी भागाचे संपादक झाले. पत्राचा हेतू स्पष्ट होता. ख्रिस्ती धर्माचा प्रसार आणि त्याच्याबरोबर भूगोल, खगोल, रूढींवर टीका. हिंदू पंडितांशी त्याचे वाद रंगत. ब्राह्मणी धर्मावर कुणी आतून बोट ठेवले तर त्या पत्राला ते हवेच होते, हे इथे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. मुक्ताला जागा मिळाली त्यात मिशनचा स्वार्थ होता. पण पुण्या-मुंबईच्या बाकीच्या छापखान्यांना त्या दिवसांत मांगाच्या मुलीच्या हस्तलिखितात कसलाच स्वार्थ दिसला नाही, हेही तितकेच खरे.

निबंधाचे नाव 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. तो 'ज्ञानोदया'च्या दोन अंकांत आला: १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५.

तो वाचताना पहिल्यांदा जाणवते ते तिचे तर्कशास्त्र. सुरुवात ती देवापासून करते, आणि लगेच वेदांकडे वळते. वेद आमचेच, आम्हीच ते पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात ना, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले, असे ती मांडते. इंग्रजांना त्यांचे पुस्तक आहे, मुसलमानांना त्यांचे आहे, ब्राह्मणांना वेद आहेत. ज्यांना पुस्तक नाही त्यांना धर्म कोणता? म्हणून ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू. आणि ज्या धर्मात एकानेच भोगायचे आणि बाकीच्यांनी तोंडाकडे पाहत राहायचे, तसला धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असेही ती लिहिते. मिशनच्या पत्रात लिहिताना ख्रिस्ती व्हावे असे ती म्हणत नाही, हे ध्यानात घ्यावे. पत्र मिशनचे, पण प्रश्न तिचा राहतो. आजही विद्यार्थ्यांच्या लेखनात ही ताकद क्वचित दिसते, कारण मुले संपादकाला काय हवे ते आधी ताडतात आणि मग लिहितात.

नंतर ती पेशवाईवर येते. दुसऱ्या बाजीरावाचे राज्य १८१८ मध्ये बुडाले, म्हणजे निबंधाच्या आधी सदतीस वर्षे. तिच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखतचा तो काळ. इमारतींच्या पायात मांग-महारांना शेंदूर कालवलेले तेल पाजून पुरले जाई; तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगा-महाराचे डोके उडवून तलवारींनी चेंडूफळी खेळत; कुणी मांग-महार लिहायला-वाचायला शिकला असे कळले तर बाजीराव संतापून त्याला शिक्षा देई, कारण हे शिकले तर ब्राह्मणांचे कारभार यांनी करायचे काय, असा त्याचा सवाल. आपल्या वस्तीत जे सांगितले जात होते ते तिने कागदावर उतरवले. पेशवाईच्या दप्तरात, बखरींत, कैफियतींत हे कुणी लिहून ठेवायचे कारणच नव्हते. दप्तर ज्यांच्या हाती, त्यांच्याच आठवणी दप्तरात जातात. दुसऱ्या बाजूच्या आठवणींना पहिले दप्तर मिळाले ते एका शाळकरी मुलीच्या वहीत. नावे घेऊन लिहायलाही ती कचरत नाही. घरात उंदीर मारून शौर्य मिरवणाऱ्या सरदारांच्या आडनावांची यादीच देते.

पण मला जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो तो पेशव्यांचा नाही. तो बाळंतिणींचा आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसते, पावसाने-थंडीने त्यांचे काय होत असेल ते स्वतःच्या अनुभवावरून ताडा, असे ती वाचणाऱ्यांना सांगते. बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठला, आणि फुकट उपचार करील असा दयाळू वैद्य तुमच्यात कुणी निघाला का, असे विचारते. चौदा वर्षांच्या मुलीला हे विषय ठाऊक होते, कारण तिने ते झोपडीच्या दारात पाहिले होते. त्या वेळी स्त्रीशिक्षणावर जे काही लिहिले जात होते ते बहुतेक पुरुषांनी लिहिलेले, आणि त्यात शिकलेली बायको घर नीट चालवते, मुलांना वळण लावते, अशी वकिली असे. बाळंतिणीच्या डोक्यावरचे न-छप्पर त्यात कुठेच नव्हते. ते दिसायला तिथे राहणारी बाईच लेखणीला लागते. वाचणाऱ्याला, वाचणारीला, तुमच्या अनुभवावरून ताडा म्हणणे म्हणजे जातीच्या भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारणेच होते.

दुसरी एक जागा अशीच. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांगा-महारांच्या मुलांना रक्तबंबाळ केले तरी ती मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागायला त्यांच्याच दारी जायचे असते. एका वाक्यात तिने भूक आणि मुकेपणा यांचा संबंध सांगितला आहे. मोठमोठ्या समाजशास्त्रज्ञांना यापेक्षा नेमके सांगता आलेले नाही, असे माझे मत आहे.

या निबंधाचा काळ जगात कुठे बसतो तेही पाहिले पाहिजे, कारण ज्या अमेरिकेतून मिस फरार आल्या त्या अमेरिकेची गोष्ट याच दशकात वेगळीच चालली होती. १८३७ मध्ये मेरी लायन यांनी माउंट होलिओकला मुलींसाठी विद्यालय काढले. १८५१ मध्ये जॉर्जिया राज्यात मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात मुलींनी 'ॲडेल्फियन सोसायटी' नावाची मंडळी स्थापली. ॲडेल्फी म्हणजे ग्रीकमध्ये बहीण. ग्रीक अक्षरांची नावे लावणारे मुलींचे जे भगिनीसंघ आज अमेरिकेच्या विद्यापीठांत दिसतात, आणि कुणाला आत घ्यायचे, कुणाला दाराबाहेर ठेवायचे यावरून ज्यांच्याविषयी तिथली विद्यार्थी-पत्रे अजूनही रकाने भरतात, त्यांच्या परंपरेचा आरंभ तिथे झाला. पण त्याच जॉर्जियात १८२९ चा कायदा होता की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा. बहिणींची मंडळी होती, पण मेकनच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या बहिणींना अक्षराची बंदी होती. बाजीरावाच्या ज्या संतापाविषयी मुक्ता लिहिते तोच संताप तिथे कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता.

ही तुलना मी ओढूनताणून करीत नाही. जोतीरावांनी ती केली आहे. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. पुण्याच्या शाळेत मुक्तासारख्या मुली ज्या बाकावर बसल्या तो बाक त्यांच्या डोळ्यांसमोर असल्याशिवाय ते अर्पण त्यांना सुचले नसते, असे मला वाटते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतले भगिनीपण निवड करून दार लावणारे नव्हते. तिथे फातिमा शेख शिकवीत होत्या, घर सुटलेल्या या जोडप्याला उस्मान शेखांनी आसरा दिला होता, आणि मुले आणायला लहुजी होते. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण-दगड झेलीत, म्हणून बदलायला दुसरे लुगडे बरोबर नेत, ही आठवण तर मराठी घराघरांत आहे. मुक्ता त्या बाईंची विद्यार्थिनी. जे अंगावर पडते ते सोसून वर्गात उभे राहायचे, हे तिने रोज पाहिलेले असणार. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये निघाला, म्हणजे बाईंचे पुस्तक आणि विद्यार्थिनीचा निबंध यांत वर्षाचेच अंतर आहे. शिक्षिका लिहिते म्हणून विद्यार्थिनीही लिहिते, हे शाळेचे खरे यश. जाहीर परीक्षांत किती लोक आले, मेजर कँडींनी १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, ही दुय्यम नोंद.

निबंधात इंग्रज सरकारची भलावण आहे. आजच्या वाचकाला ती खटकते. मला खटकत नाही. रस्त्यावरून जाताना मान शाबूत राहील एवढी खात्री ज्या राज्यात पहिल्यांदा मिळाली त्या राज्याचे आभार तिने मानले, यात लाचारी कुठे आली? परकी सत्ता वाईट, हे खरेच आहे. पण ती वाईट म्हणण्याआधी आपल्या सत्तेत मुक्ताच्या आजीचे काय होत होते, याचे उत्तर आपण देणे लागतो.

शेवटाकडे ती आपल्या लोकांकडे वळते. तुम्ही दरिद्री आहात, दुखणाईत आहात, ज्ञानाचे औषध घ्या, म्हणजे खुळ्या समजुती जातील, नीती येईल, जनावरासारखे वागवणाऱ्यांची हिंमत होणार नाही, शिका. इथे बहुतेक विद्यार्थी निबंध संपवतील. आपण सगळ्यांनी शाळेत असेच संपवले आहेत. मुक्ता एक पाऊल पुढे जाते. हे मलाही सिद्ध करता येत नाही, असे ती कबूल करते, कारण शिकून शहाणी झालेली माणसेसुद्धा कधी कधी अशी वाईट कामे करतात की आश्चर्य वाटते. शिक्षणाने माणूस चांगला होतो हे वचन ती ज्या शाळेत शिकली, ज्या पत्रात तिचा निबंध छापला गेला, त्या दोघांच्याही श्रद्धेचा पाया होता. तिने त्याच पायावर प्रश्न ठेवला. सतरा-अठरा दशकांच्या मराठी विद्यार्थी-लेखनात इतका प्रामाणिक शेवट मी दुसरा वाचलेला नाही.

त्यानंतर तिचे दुसरे छापील लिखाण नाही. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' यायला सत्तावीस वर्षे होती. मुक्ताचे जे काही आपल्यापाशी आहे ते एवढेच, दोन अंकांत विभागलेला एक निबंध. दलित स्त्रीच्या लेखणीतून उतरलेले पहिले मराठी लेखन म्हणून आज अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात.

नगर जिल्ह्यात आज महाविद्यालयांची वाण नाही. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, मग संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, प्रवरानगर असे शिक्षणाचे जाळे पसरले. प्रत्येक कॉलेजात भित्तिपत्रक असते, वर्षाअखेरीस वार्षिकांक निघतो. त्या अंकांसाठी लिहिणाऱ्या मुलींना आपण काय सांगतो ते मी अनेक वर्षे पाहत आलो आहे: पावसावर लिही, आईवर लिही, स्पर्धेच्या युगावर लिही. वसतिगृहात पाणी येत नाही, एसटीत छेड निघते, घरी लग्नाची घाई चालली आहे, वर्गात आडनाव विचारून नजर बदलते, यावर लिहिलेले पान बहुधा संपादक-प्राध्यापकांच्या टेबलावर राहते. मुक्ताचे पान टेबलावर राहिले नाही म्हणून आपल्याला १८५५ चे ते छप्पर नसलेले घर दिसते.

नगरच्या प्राध्यापकांना, ग्रंथपालांना आणि विशेषतः विद्यार्थिनींना माझी एक विनंती आहे. १५ फेब्रुवारीला आपल्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर मुक्ता साळवे यांचा निबंध पूर्ण लावा, शेवटच्या शंकेसकट. आणि त्याच्या शेजारचा कागद कोरा ठेवून एका मुलीच्या हाती पेन द्या.